व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर : जास्त उदार कोण?

मंडळी, आज पाहायचं आहे की अमेरिकेतलं कोणतं राज्य जास्त उदारमतवादी. त्यासाठी मी कॅलिफोर्निया आणि टेक्सास घेतले असते तर काम सोपं झालं असतं, पण हाती काही लागलं नसतं. उत्तर आधीच ठाऊक असेल तर तुलना कशाला करायची? म्हणून मी दोन सख्खी शेजारी राज्यं निवडली आहेत. कनेक्टिकट नदीच्या पश्चिमेला व्हरमाँट, पूर्वेला न्यू हॅम्पशायर. थंडी तीच, डोंगर तसेच, वस्ती बहुतांशी गोऱ्यांची आणि लहान लहान गावांतली. देशातल्या सगळ्यात कमी धार्मिक राज्यांत दोघांचीही गणना होते. बॉस्टनच्या आसपास राहणारी आपली माणसं ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला दोन्हीकडे जातात. पण माणसाला मनासारखं जगता यावं म्हणून सरकारनं काय करावं, असं विचारलंत तर दोन्ही काठांवरून वेगवेगळी उत्तरं येतात.

न्यू हॅम्पशायर म्हणतं, सरकारनं बाजूला व्हावं. ‘मोकळे जगा, नाहीतर मरा’ हे तिथलं ब्रीदवाक्य. जनरल जॉन स्टार्कनं ते १८०९ साली लिहिलं. पगारावर राज्याचा आयकर नाही, विक्रीकर नाही. मोठ्या माणसानं गाडीत सीटबेल्ट लावलाच पाहिजे असा कायदा नसलेलं हे देशातलं एकमेव राज्य आहे. गंमत म्हणजे हेच ब्रीदवाक्य राज्यानं प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर सक्तीनं छापलं. जॉर्ज मेनार्ड नावाच्या एका गृहस्थाला ते आपल्या धर्मश्रद्धेत बसेना, म्हणून त्यानं प्लेटवरची ती अक्षरं झाकून टाकली. त्याला दंड झाला, तो भरायला त्यानं नकार दिला आणि पंधरा दिवस तुरुंगात काढले. १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. माणसाला स्वातंत्र्याची घोषणासुद्धा बळजबरीनं मिरवायला लावता येत नाही, हे त्या राज्याला न्यायालयाकडून ऐकावं लागलं.

व्हरमाँटचं ब्रीदवाक्य ‘स्वातंत्र्य आणि एकता’. यातल्या एकतेचा भार ते राज्य सरकारवर टाकतं. १७७७च्या राज्यघटनेतच त्यांनी प्रौढांच्या गुलामगिरीला बंदी घातली. तेव्हा अमेरिकेची राज्यघटना लिहूनही झाली नव्हती. पण मुलांना त्या बंदीचं संरक्षण नव्हतं, आणि ती फट मतदारांनी कायमची बुजवली ती २०२२ साली. लोकांचं भलं करण्याची हौस असलेलं सरकार वाटही चुकतं. ‘मानवी सुधारणे’च्या नावाखाली व्हरमाँटनं १९३१ साली नसबंदीचा कायदा केला. त्याची झळ गरिबांना, अपंगांना आणि मूळच्या अबेनाकी लोकांना बसली. विधिमंडळानं त्याबद्दल माफी मागितली २०२१ मध्ये. न्यू हॅम्पशायरनं तर असा कायदा १९१७ मध्येच केला होता, तेव्हा हे पाप एकट्या व्हरमाँटच्या माथी मारता येणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. जनमत चाचणीत हसतमुखानं ‘हो’ म्हणायला काही लागत नाही. त्या ‘हो’पायी स्वतःची खुर्ची जाणार असेल तेव्हा माणसं काय करतात, यावर मी एखाद्या राज्याची उदारता मोजतो.

डिसेंबर १९९९ मध्ये व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विवाहाचे सगळे लाभ समलिंगी जोडप्यांनाही द्या. ते कसे द्यायचे हे विधिमंडळानं ठरवावं. मार्च २००० मध्ये ‘सिव्हिल युनियन’चं, म्हणजे विवाहाचं नाव न देता विवाहाचे हक्क देणाऱ्या नोंदणीचं, विधेयक कनिष्ठ सभागृहात ७६ विरुद्ध ६९ मतांनी निघालं. बिल लिपर्ट हे उघडपणे समलिंगी असलेले सभागृहातले एकटे सदस्य. आपल्यासारख्या माणसांचं आयुष्य कसं असतं, हे त्यांनी त्या दिवशी उभं राहून सहकाऱ्यांना सांगितलं. मग गावोगावच्या गोठ्यांवर आणि अंगणांत ‘टेक बॅक व्हरमाँट’च्या पाट्या लागल्या, म्हणजे आपलं व्हरमाँट परत मिळवा. बाजूनं मत देणारे डझनाहून जास्त सदस्य त्याच वर्षी घरी बसले. मॅरियन मिल्नबाई रिपब्लिकन होत्या. त्यांनी पक्षातल्या बहुसंख्यांच्या विरुद्ध जाऊन मत दिलं आणि जागा गमावली. मला या बाईंबद्दल मनापासून आदर वाटतो. ज्या पाट्यांपुढे त्या हरल्या, त्या काळाच्या ओघात उतरल्या. कायदा मात्र टिकला. २००९ मध्ये पूर्ण विवाहाच्या विधेयकावर गव्हर्नर जिम डग्लस यांनी नकाराधिकार वापरला, तेव्हा तो उलथवायला सभागृहात १०० मतं लागत होती. पडली बरोबर १००. न्यायालयाच्या आदेशाशिवाय, निव्वळ विधिमंडळाच्या मतांवर समलिंगी विवाह मान्य करणारं ते पहिलं राज्य ठरलं.

नदीपलीकडेही त्याच वर्षी हा कायदा झाला. २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना तिथल्या ४०० जणांच्या सभागृहात जवळजवळ तीन चतुर्थांश जागा मिळाल्या आणि कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव आला. मार्च २०१२ मध्ये तो २११ विरुद्ध ११६ मतांनी पडला. शंभराहून अधिक रिपब्लिकनांनी त्याच्या विरोधात मत दिलं. कुणी कुणाशी लग्न करावं यात सरकारनं नाक खुपसू नये, हा तिथला जुना बाणा इथे कामी आला.

आणि फाशी! न्यू हॅम्पशायरच्याच रेनी कुशिंग यांचे वडील १९८८ मध्ये स्वतःच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारले गेले. त्याच मुलानं आमदार होऊन फाशी रद्द करण्यासाठी वर्षानुवर्षं विधेयकं मांडली. आधीच्या प्रयत्नांत कधी मतं कमी पडली, कधी गव्हर्नरनं अडवलं. मे २०१९ मध्ये नकाराधिकार मोडायला सिनेटमध्ये २४ पैकी १६ मतं हवी होती, आणि तिथेही नेमकी तेवढीच पडली. बापाचा खून झालेला माणूस खुन्याचा जीव वाचवा म्हणतो, तेव्हा समोरच्याला काय उत्तर सुचणार? कुशिंग २०२२ मध्ये गेले.

मग जास्त उदार कोण? माझं उत्तर व्हरमाँट आहे, आणि कारण गांजा नाही. गांजा व्हरमाँटनं २०१८ मध्ये कायदेशीर केला, न्यू हॅम्पशायरनं अजून नाही. पण त्यावरून फार काही ठरत नाही. असाध्य आजारानं मरणाच्या दारात असलेल्याला डॉक्टरांच्या मदतीनं शेवट निवडायची मुभा व्हरमाँटनं २०१३ मध्ये दिली, ती मला जास्त मोलाची वाटते. त्याहून मोठा फरक हक्काच्या पक्केपणात आहे. गर्भपाताचा हक्क व्हरमाँटनं २०२२ मध्ये लोकांच्या कौलानं घटनेत घातला, सुमारे तीन चतुर्थांश मतांनी. तो काढायचा तर लागोपाठच्या दोन विधिमंडळांची संमती आणि पुन्हा लोकांचा कौल लागेल. न्यू हॅम्पशायरमध्ये चोवीस आठवड्यांनंतरच्या गर्भपातावरची बंदी २०२१ च्या अर्थसंकल्पाबरोबर मंजूर झाली. पुढे ती मर्यादा अलीकडे आणायची झाली, तर साधं बहुमत आणि गव्हर्नरची सही पुरे.

असा साध्या कायद्यावर टेकलेला हक्क किती हलतो, हे न्यू हॅम्पशायरमधल्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलींनी पाहिलं आहे. २०१८ मध्ये गव्हर्नर क्रिस सुनुनू यांनी पारलिंगी व्यक्तींशी नोकरीत आणि घराच्या बाबतीत भेदभाव करायला मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली. २०२४ मध्ये त्यांनीच पाचवी ते बारावीच्या पारलिंगी मुलींना शाळेच्या मुलींच्या संघांतून वगळणाऱ्या कायद्यावरही सही केली.