कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान: देवतेच्या हद्दीत

पश्चिम सिक्कीममधील युक्सोम गावात 1642 साली पहिल्या चोग्यालचा, म्हणजे धर्मराजाचा, राज्याभिषेक झाला. गावाची शेते मागे पडली की कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाचे रान लागते. छोका आणि झोंगरीकडे चढणारी पायवाट आधी शेवाळलेल्या दमट जंगलातून, मग गुरांसच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, झाडीतून आणि अखेर उघड्या कुरणांवर नेते. सुमारे 1,220 मीटर उंचीवर सुरू होणारे हे उद्यान थेट 8,586 मीटरच्या कांचनजंगा शिखराला भिडते, आणि इथल्या प्राणिजीवनातील विविधतेचे मूळ या उंचीच्या फरकातच आहे. बांबूच्या रानात लाल पांडा वावरतो, त्याच्या वर कस्तुरीमृग आणि ब्लड फेझंट हा सिक्कीमचा राज्यपक्षी आढळतो, तर कड्यांवर चरणाऱ्या भरलांच्या, म्हणजे रानमेंढ्यांच्या, मागावर हिमबिबट्या असतो. अर्थात, तो आपल्याला दिसेल अशी आशा पाहुण्याने न बाळगलेली बरी.

सिक्कीमच्या लोकांसाठी मात्र हा पर्वत स्वतःच रक्षक देवता आहे. मीठ, सोने आणि रत्ने, धर्मग्रंथ, शस्त्रे, तसेच धान्य आणि औषधी असे पाच खजिने त्याच्या पाच शिखरांत ठेवलेले आहेत, अशी श्रद्धा आहे. पांग ल्हाबसोल या उत्सवात लामा मुखवटे चढवून या देवतेचे नृत्य करतात. लेपचा आणि भुतिया या सिक्कीममधील दोन समाजांच्या पूर्वजांनी घेतलेल्या बंधुत्वाच्या शपथेला हाच पर्वत साक्षी होता, असे मानतात.

ही श्रद्धा गिर्यारोहकांनीही पाळली. 1955 मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड नेपाळच्या बाजूने माथ्याजवळ पोहोचले आणि चोग्यालला दिलेल्या शब्दाखातर काही फूट अलीकडेच थांबले. 1977 मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैन्याची तुकडी सिक्कीमच्या बाजूने वर गेली, आणि तिनेही अखेरचा माथा तसाच सोडला. त्याच वर्षी हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. 1997 मध्ये त्याचा विस्तार 1,784 चौरस किलोमीटरपर्यंत झाला. 2016 मध्ये निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारसा यादीत आलेले ते भारतातील पहिले स्थळ ठरले.

सिक्कीमच्या बाजूने शिखरावर चढण्यास राज्य सरकारने 2001 मध्ये मनाई केली. त्यामुळे मोहिमा आता नेपाळमधून जातात. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक 2019 च्या मे महिन्यात तिकडूनच चढले.