मोर्चाला किती माणसं होती?

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं भाषण. उतरवताना थोडं नीट केलंय, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

मागं ऐकू येतंय का? येतंय ना, मग माइक राहू दे, उगच खरखर करतोय. विषय मला लई मोठा दिलाय, चिकित्सक विचार कसा करायचा, आणि मी व्याख्या सांगत बसलो तर अर्ध्या तासात निम्मी सभा चहाला जाईल, म्हणून आधी एक खेळ खेळूया. पुढं बसलेल्या पोरींनी उत्तरं द्यायची. मी तीन आकडे सांगतो, २, ४, ६. हे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तो नियम तुम्ही ओळखायचा. त्यासाठी तुम्ही आपले तीन-तीन आकडे सांगा, ते बसतात का नाही एवढंच मी सांगणार.

हां, ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. १००, १०२, १०४? तेबी बसतात. आता नियम सांग बघू. 'दोन-दोननं वाढणारे आकडे.' चूक. मागनं कोण म्हणालं, १, २, ३? बसतात की. ५, ५०, ५००? बसतात. ९, ४, १? नाही बसत. नियम एवढाच होता, आकडे चढत जायला पाहिजेत, बास.

पोरगी हुशार आहे हां, हसू नका. तिनं काय केलं बघा, मनात एक नियम धरला आणि जिथं 'होय' मिळणार हे तिला आधीच माहीत होतं तेवढंच विचारत गेली, तीनदा 'होय' आलं की आपल्याला वाटतं झालं, सापडलं. पीटर वॅसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६० साली हाच खेळ २९ विद्यार्थ्यांना घातला, त्यात पहिल्या दमात बरोबर नियम सांगणारे फक्त ६ निघाले. म्हणजे बाळ, तुझ्या जोडीला लंडनची पोरंबी आहेत.

मला आज सांगायचंय ते एवढंच, की 'नाही' कुठं मिळेल ते शोधून तिथं जाऊन विचारायचं. ऐकायला सोपं वाटतंय, पण आपल्याच बाजूची गोष्ट असली की जीभ उचलत नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका काढायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, त्यात आपण सगळे आईच्या पोटातनंच शिकून आलोय.

आता आपल्याकडचंच उदाहरण घेतो, राग मानू नका. १ नोव्हेंबर. बेळगावात एकाच दिवशी तिकडं कर्नाटक राज्य झालं त्या आनंदाची राज्योत्सवाची मिरवणूक आणि इकडं आम्हाला महाराष्ट्रात घ्या म्हणणाऱ्या मराठी माणसांची काळ्या दिवसाची फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कुणी म्हणणार आपल्या फेरीला लाख माणूस होतं, कुणी म्हणणार कसलं लाख, दोन हजार नव्हती. तिकडच्या मिरवणुकीचं विचारलं की हेच दोघं आकडे अदलाबदल करणार! आणि गंमत म्हणजे कुणी मोजलेलं नसतंय.

मोजता येतंय की पण. अमेरिकेत बर्कलेला हर्बर्ट जेकब्ज म्हणून पत्रकारिता शिकवणारे प्राध्यापक होते, १९६० च्या दशकात त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांची आंदोलनं चालायची, आणि त्या चौकाच्या फरशीत चौकोन आखलेले होते. एका चौकोनात किती माणसं मावतात ते मोजायचं, चौकोन किती भरलेत ते बघायचं आणि गुणायचं, बास. त्यांचा हिशेब असा, माणसं मोकळी उभी असली तर एकाला साधारण १० चौरस फूट लागतात, दाटीवाटीनं असली तर साडेचार. त्याहून दाट म्हणजे जत्रेत देवळाच्या दारात होतंय तसं, हात खिशात घालता येत नाही.

आता लावा हिशेब, मोबाइल काढा. समजा रस्ता ४० फूट रुंद आहे आणि मोर्चा अर्धा किलोमीटर लांब आहे, म्हणजे १६४० फूट. गुणाकार? ६५,६०० चौरस फूट. मोकळी माणसं धरली तर साडेसहा हजार, एकदम दाट धरली तर साडेचौदा हजार. आणि लाख माणूस पाहिजे असंल तर ह्याच रस्त्यावर साधारण साडेतीन किलोमीटर एकही फट न ठेवता माणसं लागतात, आणि तशा दाटीत चालता येत नाही, मोर्चा तर चालतोय! म्हणजे 'लाख' म्हणणाऱ्याला आणि 'दोन हजार' म्हणणाऱ्याला, दोघांनाबी एकच विचारायचं, मोर्चाचं तोंड कुठं होतं आणि शेपूट कुठं होतं त्याच वेळी?

आणि साडेसहा हजार निघाले म्हणून आपली मागणी खोटी होत नाही, हे बी लक्षात घ्या. मागणी न्याय्य आहे का नाही हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळे पुरावे, सीमावादासाठी नेमलेला १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा, ते सगळं वाचायला पाहिजे. मला भेटणारे निम्मे लोक महाजन अहवालाच्या नावानं शिव्या घालतात आणि निम्मे त्याची आरती करतात, पण अहवाल उघडून बघितलाय असा माणूस मला क्वचित भेटलाय.

दुसरी गोष्ट पुराची. २०१९ चा पूर इथल्या कुणाच्या पै-पाहुण्यांना लागला नाही असं घर नसंल, चिकोडी, निपाणी, अथणी सगळीकडं. पाणी चढालं की नदीच्या वरच्या अंगाला, सांगली-शिरोळला म्हणतात कर्नाटकानं खालची अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचं त्यांचं धरण, भरून धरली म्हणून पाणी तुंबलं, आणि खाली कल्लोळ-येडूरकडं म्हणतात महाराष्ट्रानं वरच्या कोयना धरणातनं सोडलं म्हणून आम्ही बुडालो. नदी एकच कृष्णा, पाणी एकच, आणि गुन्हेगार मात्र नेहमी हद्दीच्या पलीकडचा, हे बघूनच जरा शंका यायला पाहिजे. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. तर मग विचारायचं काय, सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं त्या दिवशी अलमट्टीत पातळी किती होती, आत किती क्युसेक येत होतं आणि बाहेर किती जात होतं, आणि त्याच दोन-तीन दिवसांत घाटमाथ्यावर पाऊस किती पडला. तारखांसकट एका कागदावर मांडायचं. अलमट्टीमुळंच झालं असं म्हणायचं असंल तर अलमट्टी भरलेली नसतानाबी सांगलीला पूर आलाय का ते आधी शोधायचं, आणि कोयनेमुळंच म्हणायचं असंल तर कोयनेचे दरवाजे बंद असताना आलाय का ते. ९, ४, १ विचारायचं म्हणजे हेच.

आपल्याला इथं एक फायदा आहे जो पुण्या-बंगळूरच्या माणसाला नाही, आपण दोन्ही वाचतो. मराठी बोलायला, कन्नड वाचायला, बाजारात दोन्ही. एकच बातमी दोन्ही पेपरात वाचा, जे दोन्हीकडं सारखं छापलंय ते बहुतेक घडलेलं असतंय, आणि जे एकाच पेपरात आहे त्याच्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवा, खोटं म्हणून नाही, तपासायचं राहिलंय म्हणून. फक्त दोन्हींनी एकाच एजन्सीची बातमी उचलली असंल तर ती साक्ष एकच धरायची, दोन नाही. मी तर पोरांना सांगतो, पेपर दोन घेणं परवडत नसंल तर वाचनालयात या, खुर्च्या रिकाम्याच असतात.

व्हॉट्सअॅपवर जास्त बोलत नाही. २०१८ साली मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून मेसेज फिरले, १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भटक्या माणसांना जमावानं मारलं, आणि त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात बिदर जिल्ह्यात एकाचा जीव गेला, त्याच्या गाडीतल्या लोकांनी शाळेतल्या पोरांना चॉकलेट दिली होती. पोर कुणाचं हरवलंय, घर कुठलं, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा कंपनीनं घातली, पण विचारायचं काम काय कंपनी करणार नाही.

प्रश्न? हां काका, बोला. काका विचारालेत की दुकानदार उसाला एक टॉनिक मारा म्हणतोय, शेजाऱ्यानं मारलं आणि त्याचा ऊस जोरात आलाय, तर घ्यावं का.

बघा, हे खरं कामाचं. शेजाऱ्याचा ऊस जोरात आला खरा, पण त्यानं न मारता कसा आला असता हे कुणी बघितलंय? त्याची जमीन काळी असंल, पाळी वेळेवर मिळाली असंल, पाऊस बरा झाला असंल. तुम्ही असं करा, सगळ्या फडाला मारू नका, आठ-दहा सऱ्या कोऱ्या सोडा. बांधाकडच्या नकोत, तिथं झाडाची सावली, वारा सगळं वेगळं. मधल्या घ्या, लांब लांब, आणि कोणत्या सोडायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर आपला हात आपोआप बारक्या उसाकडंच जातोय. खत, पाणी, भांगलण सगळं सारखंच. तोडणीला त्या सऱ्यांच्या मोळ्या वेगळ्या बांधायला लावा आणि मारलेल्या तेवढ्याच सऱ्यांच्या वेगळ्या. टोळीवाले कुरकुर करतील, त्यांना चहाचे पैसे द्या, आणि दोन्हींचं वजन एकाच काट्यावर करा.