पार्कातलं खाणं आणि लेकरांचा डबा

नमस्कार श्रोतेहो.

मी सिल्लोड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. दर हिवाळ्यात आठवी-नववीची सहल माझ्याकडंच असते. वेरूळ झालं, अजिंठा तर आमच्या अंगणातच आहे, दौलताबाद झालं, रायगड झाला. आता वर्गात विचारलं, "यंदा कुठं जायचं रे?" की मागच्या बाकापासून एकच आवाज येतो, "मॅडम, पार्क!" पार्क म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. उलटं टांगणारे पाळणे, पाण्यातल्या घसरगुंड्या, रोलर कोस्टर. आपल्याकडची माणसं त्यासाठी रात्रभर प्रवास करून पुण्या-मुंबईकडं जातात. नांदेड-देगलूरच्या लोकांना हैदराबाद जवळ पडतं. आज मला या पार्कांमधल्या खाण्याबद्दल बोलायचंय. तिकिटाचे पैसे आपण घरूनच मोजून नेतो. खाण्याचा हिशोब मात्र आत गेल्यावर कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

जानेवारी २०२५ ची गोष्ट. संक्रांत नुकतीच झालेली. संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा प्रत्येक लेकराच्या पिशवीत आईनं दिलेलं काहीतरी होतं. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या पोळ्या. एका मुलीच्या आईनं तर सगळ्या वर्गाला पुरतील एवढे धपाटे पांढऱ्या धडप्यात बांधून दिले होते, आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही पण खा बरं का." सकाळी साडेनऊला आम्ही पार्काच्या दारात पोचलो. दारावर पिशव्या तपासत होते. "बाहेरचं खाणं आत जाणार नाही." त्या मुलीनं गाठोडं छातीशी धरलं होतं. तिला वाटलं, ते काढून घेतील नि टाकून देतील. पाण्याच्या बाटल्यासुद्धा रिकाम्या करायला लावल्या. रांगेत आमच्या मागं दोनशे माणसं, पुढं तो रखवालदार. त्याचा तरी काय दोष? त्याला जे सांगितलंय ते तो करतो.

आम्ही सगळे परत गाडीपाशी गेलो. उन्हात, डांबरी वाहनतळावर, उभ्या उभ्या लेकरांनी धपाटे खाल्ले. भूक नव्हती तरी खाल्ले, कारण आत मिळणार नव्हतं. उरलेले डबे गाडीत ठेवले.

दुपारी एकच्या सुमाराला मी खाण्याच्या चौकात उभी होते. नववीतला एक मुलगा मक्याच्या काउंटरसमोर बराच वेळ उभा होता. वरची पाटी वाचायचा, खिशात हात घालायचा, परत वाचायचा. वडिलांनी दिलेले दोनशे रुपये त्यानं चार घड्या करून ठेवले होते. शेवटी त्यानं कप घेतला. लोणी, मसाला, लिंबू आणि वाफवलेले मक्याचे दाणे. नव्वद रुपये. लाकडी चमच्यानं एकेक दाणा खात तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, आमचा तीन एकर मका हाय."

श्रोतेहो, सिल्लोड-कन्नड हा मक्याचा पट्टा. त्या हंगामात सरकारनं मक्याला क्विंटलमागं २,२२५ रुपये हमीभाव जाहीर केला होता. म्हणजे किलोला सव्वाबावीस रुपये, तेही मिळाले तर. त्या एका कपाच्या पैशात त्याच्या बापाचा चार किलो मका येतो. मला माहीत आहे, की कपातला मका स्वीट कॉर्न, त्याचं वाण वेगळं, आणि आपला पिवळा मका बहुतेक कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्याला जातो. जागेचं भाडं, गॅस, माणसांचा पगार हेही मला कळतं. पण त्या लेकरानं दाणे मोजत खाल्ले, ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही.

पार्कात असलंच खाणं का मिळतं, याला कारणं आहेत. हजारो माणसांना एकाच वेळी, साडेबारा ते दोनमध्ये भूक लागते. तेवढ्यांना ताट वाढायला बसवलं तर सगळा दिवस पंगती उठवण्यातच जाईल. म्हणून हातात धरून, चालता चालता खाता येईल आणि दोन-तीन मिनिटांत तयार होईल असं हवं. फ्रेंच फ्राईजचंच घ्या. बटाट्याच्या फोडी कारखान्यातच अर्धवट तळून, गोठवून येतात. इथं फक्त उकळत्या तेलात सोडायच्या, तीन मिनिटांत पुडा तयार. बर्गर, पिझ्झाचा तुकडा, पॉपकॉर्न, थंड पेय, सगळ्यांचं तेच. भांडी घासायची नाहीत, ताटं उचलायची नाहीत. दुसरं म्हणजे पार्काची कमाई नुसत्या तिकिटावर चालत नाही, खाण्यापिण्याचा त्यात मोठा वाटा असतो. डबे दारात अडतात ते त्यामुळं. स्वच्छतेचं कारण सांगतात, तेही अगदीच खोटं नाही. उष्टं-खरकटं टाकून जाणारी माणसं आपल्यातच आहेत.

ही रीत जुनी आहे. न्यूयॉर्क शहरात समुद्रकाठी कोनी आयलंड म्हणून जत्रेसारखी जागा होती, अजूनही आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात पावात घातलेलं सॉसेज, म्हणजे मांसाची लांबट सुरळी, हातगाडीवर विकायला लागले, तोच पुढं हॉट डॉग झाला. १९१६ मध्ये तिथल्याच नेथन हँडवर्करनं तो पाच सेंटला विकायला काढला. शेजारी जुन्या हॉटेलात तोच दहा सेंटला मिळायचा. गर्दी कुठं वळली असेल ते सांगायला नको. फिरायला आलेला कष्टकरी माणूस हाच तिथला गिऱ्हाईक होता, आणि त्याच्या खिशाचा विचार करणारा तरला.

मग १७ जुलै १९५५. मिकी माउसवाल्या वॉल्ट डिस्नेचं डिस्नेलँड हे पार्क अमेरिकेत कॅलिफोर्नियात उघडलं. मला त्या दिवसाची हकीकत फार महत्त्वाची वाटते. खोटी तिकिटं घेऊन अफाट गर्दी आत शिरली, ऊन एवढं की नवं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या. हॉटेलांतलं खाणंपिणं संपलं. त्यात नळ जोडणाऱ्या कारागिरांचा संप झालेला. उद्घाटनाच्या आधी संडास तरी होतील नाहीतर पिण्याच्या पाण्याचे नळ तरी, दोन्ही नाहीत, अशी वेळ आली. डिस्नेनं संडास निवडले. लोक तहानेनं चिडले, आणि शीतपेय खपावं म्हणून नळ बंद ठेवले असा आरोपही झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आपण पाहिलंय. तहान आणि बाजार शेजारी उभे राहिले की काय होतं, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच डिस्नेलँडमध्ये मेक्सिकन पद्धतीचं एक हॉटेल होतं. मक्याच्या उरलेल्या पोळ्या फेकून देण्याऐवजी तिथं तुकडे करून तळायला लागले, मसाला भुरभुरवला. लोकांना ते इतकं आवडलं की १९६६ मध्ये साऱ्या अमेरिकेत ते डोरिटोज नावानं विकायला आलं. आपल्याकडं शिळ्या भाकरीचा कुस्करा करतात, तशीच ही गोष्ट. पुन्हा मकाच. हे ऐकून माझ्या त्या विद्यार्थ्याचे डोळे चमकले होते.

आता फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत नेता येतं. दारू आणि काचेच्या बाटल्या मात्र चालत नाहीत. झटपट खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात. एवढा मोठा व्यवसाय असूनही डबा चालतो. मग आपल्याकडच्यांना त्यात अवघड ते काय?

आणि आपल्या जत्रा आठवा की. माळेगावच्या खंडोबाची, लातूरच्या सिद्धेश्वराची. आकाशपाळणा तिथंही असतो. भज्यांचा घाणा, गरम जिलेबी, गोडीशेव, रेवड्या, उसाचा रस. ज्याला परवडतं तो घेतो, नाही तो झाडाखाली फडकं सोडून भाकर खातो, शेजारच्याला चटणी देतो. पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून जत्रा पाहिली. आठ आण्याच्या गोडीशेवेचा पुडा दोन दिवस पुरायचा. जत्रेत धूळ असते, माशा असतात, ते मी नाकारत नाही. पण भाकर बांधून आलेल्याला तिथं कुणी दारात अडवत नाही.

कायद्याचं थोडं सांगते. चित्रपटगृहांबाबत सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये निकाल दिला. बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे मालकानं ठरवावं, पण स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट दिलं पाहिजे, आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवू नये. निकाल चित्रपटगृहांपुरता आहे, तरी त्यातलं पाण्याचं कलम मला प्रत्येक पार्काच्या दारावर लिहिलेलं बघायचंय. पाकिटबंद वस्तूवर छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर आधी बिल घ्या. बसवून वाढणाऱ्या हॉटेलांना कोर्टानं २०१७ मध्ये यात सूट दिली आहे, पण दुकानातून हातात दिलेली बाटली छापील किमतीलाच मिळायला हवी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

तेलाकडंही लक्ष ठेवा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढत जातात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडं मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आहेत. तेल काळपट, फेसाळ, धूर जास्त, वासानं घसा धरतोय, तर त्या काउंटरवरून लेकराला बाजूला घ्या.

आणखी एक. भरल्या पोटी गरगरणाऱ्या पाळण्यात बसवू नका. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात, त्या गोंधळात मळमळतं. वर बर्गर आणि फसफसणारं पेय असेल तर संपलंच. आमच्या दोन मुलांना उलट्या झाल्या, त्यातल्या एकाला सगळा दुपारचा वेळ मी सावलीत मांडीवर घेऊन बसले. बाराच्या आत थोडं खाऊन घ्यावं, नाहीतर अडीचनंतर, तेव्हा रांगाही कमी असतात. मोठे पाळणे जेवणाआधी. पाण्यात खेळताना तहान कळत नाही, म्हणून तासाभरानं हाक मारून पाणी पाजावं.

मागच्या वर्षी पार्काऐवजी मी लेकरांना आपल्याच भागातल्या एका शेतावर हुरड्याला नेलं. हल्ली डिसेंबर-जानेवारीत अशी बरीच कृषी पर्यटन केंद्रं उघडतात. बैलगाडी होती, झाडाला दोरीचे झोके होते, विहिरीजवळ एक साधी घसरगुंडी. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुललेला. ज्वारीची कोवळी कणसं राखेत खुपसायची, भाजली की हातावर चोळायची, फुंकर मारली की कोंडा उडतो आणि तळव्यावर हिरवे, गरम, गोड दाणे उरतात. गूळभेंडी, सुरती ही जुनी वाणं, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेलं 'परभणी वसंत'. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. आगटीवरून हातात यायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. हातात धरून खायचं, भांडी नाहीत, कागदी कप नाही, कोंडा मातीत जातो. माझ्या मते आपलं खरं फास्ट फूड हेच. हुरडा आटपल्यावर पिठलं-भाकरी आणि जालन्याकडच्या मोसंबीचा रस. आमच्यापैकी कुणी आजारी पडलं नाही.

तरीही पुढच्या वेळी मुलं म्हणालीच, "मॅडम, पार्क." आणि मी त्यांना नाही म्हणणार नाही. ज्या लेकरानं मोठा पाळणा टीव्हीवरच पाहिलाय, त्यानं एकदा तरी वरून खाली झेपावलं पाहिजे, ओरडलं पाहिजे. मात्र यंदा पैसे भरायच्या आधी मी तीन-चार पार्कांना फोन केले. पाणी फुकट मिळतं का? डबा आत चालतो का? नसेल तर बसून खायला दाराबाहेर सावली आहे का? दोघांनी "नियम आहे मॅडम" म्हणून फोन ठेवला. एका ठिकाणच्या बाईंनी मात्र थांबून विचारलं, "लेकरं किती आहेत तुमची?" मी म्हणाले, "चव्वेचाळीस." त्या म्हणाल्या, "आत नाही नेता येणार, पण दाराशी शेड आहे, पंखे आहेत, माठ भरलेले असतात. हातावर शिक्का मारून बाहेर सोडू, जेवून परत या."

पालकांच्या पत्रकात मी काल लिहून टाकलंय: डबा दोन वेळचा द्यावा, आणि धपाटे चार जास्त बांधावेत.

नमस्कार.