ठेवणीतली बाटली

(कोथरूडमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ज्या गावात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या गावात व्हिडिओ गेमवर तासभर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. पहिल्या रांगेतल्या काहींच्या चेहऱ्यावर 'नातवाला सोबत म्हणून आलोय' असं स्वच्छ लिहिलेलं दिसतंय. हरकत नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि आजचा विषय मुळात त्याच खात्यातला आहे. हातात असलेली उत्तम वस्तू माणूस का वापरत नाही?

आधी ती वस्तू बघू. 'फायनल फँटसी' ही जपानी गेममालिका. तिचा सातवा भाग १९९७ साली आला. दहा-वीस मिनिटांत संपणारा हा खेळ नव्हे, महिनोन्‌महिने पुरतो. लढाईत तुमचे तिघं जण उभे असतात. प्रत्येकापुढे दोन आकडे: अंगात जीव किती उरलाय आणि जादू किती उरलीय. साधं औषध दुकानात मिळतं, त्यानं थोडा जीव भरून येतो. एलिक्सर नावाची बाटली मात्र दोन्ही आकडे एका घोटात काठोकाठ भरते, आणि मेगालिक्सर हेच काम अख्ख्या टोळीसाठी करते. ती दुकानात मिळत नाही. कुठल्या तरी कोपऱ्यातल्या पेटीत एखादी सापडते. सापडली की खेळाडू मनाशी ठरवून टाकतो, ही शेवटच्या राक्षसासाठी. पुढे रीतसर शेवटचा राक्षस येतो. तोवर गडी इतका तयार झालेला असतो की राक्षस साध्या औषधांवरच आटोपतो. पडद्यावर नावं सरकायला लागतात आणि पिशवीत बाटल्या जशाच्या तशा. जगभरच्या खेळाडूंमध्ये यावर इतके विनोद झालेत की आता ती जवळजवळ एक जमात आहे, मेगालिक्सर न उघडणाऱ्यांची.

याचं पाठ्यपुस्तकी उत्तर तयार आहे. १९७९ साली डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचं दुःख मोठं असतं. पुढे १९९० मध्ये कानमन, नेट्श आणि थेलर यांचा कॉफीच्या मगांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना हे मग फुकट दिले. ज्यांना मिळाले ते विकताना जी किंमत मागत होते, ती न मिळालेले द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट. वस्तू आपली झाली की हातातून सुटत नाही. बाटलीचंही तेच, असं म्हणून परीक्षेत पाच मार्क मिळतील.

मला हे उत्तर अर्धं वाटतं. कारण बाटली जपणारा तोच मुलगा दुसऱ्या गेममध्ये हात सैल सोडून उधळतो.

'काउंटर-स्ट्राइक' घ्या, दोन टीमनी एकमेकांवर गोळ्या झाडायचा गेम. पुण्यात कॉलेजांच्या आजूबाजूला सायबर कॅफे होते तेव्हा निम्मी यंत्रं याच गेमला लागलेली असायची, इथे बसलेल्या चाळिशीच्या मंडळींना माहीत आहे. मान हलवू नका, शेजारी बायको आहे. या गेममध्ये फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीआधी बंदुका विकत घ्यायच्या. सुरुवातीला खिशात ८०० डॉलर. एडब्ल्यूपी ही लांब पल्ल्याची बंदूक ४,७५० ला. फेरी हरली तरी थोडे पैसे मिळतात, म्हणून टीम मुद्दाम एखादी फेरी नुसत्या पिस्तुलावर काढते आणि पैसे साठवते. पण साठवायला छत आहे. १६,००० च्या वर खात्यात एक डॉलर जमा होत नाही. शिवाय स्पर्धेच्या सामन्यात अर्धा खेळ झाला की बाजू बदलतात आणि सगळ्यांचं खातं पुन्हा सुरुवातीच्या आकड्यावर. त्यामुळे मध्यंतराआधीच्या शेवटच्या फेरीत कुणीही हात आखडत नाही. चिलखत, बाँब, महागातली बंदूक, सगळं. शिल्लक ठेवून करायचं काय?

माणूस तोच, स्वभाव तोच. बदललं काय? एका खेळानं शेवट कधी आहे ते सांगितलं, दुसऱ्यानं लपवून ठेवलं. 'फायनल फँटसी' खेळताना पुढे किती राक्षस आहेत, अजून किती बाटल्या सापडणार आहेत, यातलं काही कळत नाही. जे एकदा खर्च केलं की परत येत नाही, आणि पुढची गरज किती ते माहीत नाही, ते राखून ठेवणं हा हिशेब चोख आहे. खेळाडूला कंजूष म्हणण्याआधी खेळ बनवणाऱ्याला विचारायला हवं, की बाबा, तू सांगितलंस काय त्याला?

पटत नसेल तर एक प्रयोग सांगतो, यात गेमचा संबंध नाही. सुझन शू आणि अयेलेत नीझी यांचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. खाण्याची गिफ्ट व्हाउचर वाटली. काहींना तीन आठवड्यांची मुदत, काहींना दोन महिन्यांची. आधी विचारलं तेव्हा लांब मुदतवाल्यांनाच जास्त खात्री होती, की आम्ही वापरू. प्रत्यक्षात वापरली ती जास्त करून तीन आठवडेवाल्यांनी. मुदत लांबली की 'बघू, जाऊ' सुरू होतं.

'बघू' म्हणण्यात नुसता वेळ जात नाही, आणखी एक गडबड होते. २०२१ मध्ये जॅकलीन रिफकिन आणि जोना बर्जर यांनी दाखवलं की एखादी साधी वही एकदा वापरायची टाळली, तर पुढच्या वेळी ती वापरण्याची शक्यता आणखी कमी होते. टाळल्यामुळेच ती खास वाटायला लागते. 'आज नको, पाहुणे आले की काढू' म्हणून वरच्या फळीवर गेलेला कपबशांचा सेट आठवा. साधे पाहुणे आता त्या सेटच्या लायकीचे राहिलेले नसतात. बाटलीचंही असंच होतं. पहिल्या राक्षसासाठी उघडली नाही, मग दुसऱ्यासाठी उघडणं पहिल्यावर अन्याय. दहाव्यापर्यंत ती बाटली राहतच नाही, मूर्ती होते.

गेम बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. काहींनी तर टंचाईच विकली. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल' या चालत्या मढ्यांच्या भयगेममध्ये खेळ सेव्ह करायलासुद्धा टाइपरायटरची शाईची रिबन लागायची, आणि रिबनी मोजक्याच. आपली प्रगती जपून ठेवणं हाच खर्च! ख्रिस किंवा जिल, दोघांपैकी एक होऊन खेळायचं; ख्रिसच्या खिशात सहा वस्तू मावायच्या, जिलच्या आठ. मग दारामागून गुरगुर ऐकू आली की भीती मढ्याची कमी, उरलेल्या गोळ्यांची जास्त. तिथे जपणं हाच खेळ आहे, आणि मला तो अतिशय प्रामाणिक वाटतो.

काहींनी उलटी वाट धरली. 'डीमन्स सोल्स' २००९ चा. त्यात जखमा भरणारं गवत गोळा करत हिंडायचं. त्याच कंपनीनं २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये गवताऐवजी एस्टसची बाटली दिली. शेकोटीपाशी बसलात की ती पुन्हा भरते. बदल्यात मेलेले शत्रू पुन्हा उठतात. बाटली भरणार हे नक्की, मग घोट घ्यायला कुणी कचरत नाही. गंमत म्हणजे २०१५ च्या 'ब्लडबोर्न'मध्ये हीच मंडळी परत मागे गेली. रक्ताच्या कुप्या गोळा करा, संपल्या की मजुरी करा. अवघड राक्षसापुढे अडकलेले खेळाडू लढाई सोडून कुप्या वेचत बसले. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये पुन्हा भरणारी बाटली आली. 'विचर ३' मध्ये औषध एकदाच बनवायचं, पुढे कडक दारू जवळ ठेवून ध्यानाला बसलं की कुप्या आपोआप भरतात. पुणेकरांना ध्यानाची ही पद्धत मान्य होईलसं वाटत नाही, पण तोडगा चांगला आहे.

आणि आता माझ्या आवडीचा, फसलेला तोडगा. 'झेल्डा'मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', २०१७. बनवणाऱ्यांनी ठरवलं, हत्यारं तुटू देत. तुटली की माणूस नवी शोधेल, सगळी वापरून बघेल. हत्यार मोडायला आलं की पडद्यावर इशारा येतो, आणि ज्या घावाला ते मोडतं तो घाव दुप्पट जोराचा लागतो. म्हणजे मोडण्याचं बक्षीससुद्धा ठेवलंय. झालं काय? खेळाडूनं आगीची तलवार पाठीला लावली आणि हातात घेतला फरशी पुसायचा मॉप. खरंच, त्या गेममध्ये मॉप हे हत्यार आहे. सूप वाढायचा डावही आहे. अंगावर राजेशाही चिलखत, पाठीवर ज्वाळा सोडणारं पातं, आणि गडी समोरच्या राक्षसाला डावानं बडवतोय. कारण? 'याच्यासाठी कशाला तलवार झिजवायची!' पुढे पेटी उघडावी तर आत आणखी चांगली तलवार, आणि पिशवीत जागा नाही. एक टाकावी लागणार. मग तो माणूस पिशवी उघडून असा काही विचारात पडतो, जसा लग्नाच्या याद्या करताना. पिशवी मोठी करायची तर जंगलात लपलेल्या कोरोक नावाच्या छोट्या जीवांच्या बिया शोधा. एकूण ९००, पूर्ण पिशवीसाठी ४४१ लागतात. लोकांनी शोधल्या. न वापरायच्या तलवारी ठेवायला जागा हवी म्हणून!

इथे फसलं कुठे, तर मोडणं दिसतं पण परत मिळणं दिसत नाही. खरं तर त्या गेममध्ये हत्यारांचा सुकाळ आहे, पण हे चाळीस तास खेळल्यावर कळतं आणि सवय पहिल्या दोन तासांत लागते.

आता तरुण मंडळी म्हणतील, सर, आमच्या 'बीजीएमआय'मध्ये, म्हणजे शंभर जण उतरून शेवटचा उरेपर्यंत लढतात त्या मोबाइल गेममध्ये, तर शेवट डोळ्यांसमोर असतो. झोन, म्हणजे खेळायची सुरक्षित जागा, आकसत जातो, निळी भिंत अंगावर येते. तरी आम्ही का साठवतो? प्रश्न रास्त आहे. आमच्या हॉस्टेलच्या गॅलरीत हा संवाद कायम चालू असतो. 'अरे स्मोक टाक ना!' (स्मोक म्हणजे आडोशाला धूर सोडणारा बाँब.) 'थांब रे, लास्ट झोनला लागेल.' आणि लास्ट झोनच्या आधीच साहेब आडवे. मग ज्यानं मारलं तो येऊन साहेबांच्या सामानाची क्रेट, म्हणजे पेटी, उघडतो. आत सहा स्मोक, चार ग्रेनेड, हात न लावलेलं अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि कळस म्हणजे न उडवलेली फ्लेअर गन. ती उडवली असती तर आकाशातून सामान आलं असतं. आता ते मारणारा मागवणार. एवढं नीट पॅकिंग करून तर आपण कुरिअरसुद्धा पाठवत नाही.

इथे सामना कधी संपणार ते माहीत आहे, पण स्वतःचा नंबर कधी लागणार ते माहीत नाही. शंभर जणांतला एकच अगदी शेवटपर्यंत उभा राहतो. बाकी नव्याण्णव त्या एकासारखी तयारी करत असतात. इथे मात्र मी खेळाडूची बाजू घेणार नाही. स्मोक आत्ता टाका.

एवढं ऐकून वाटेल की मग सगळ्यावर मुदत घाला, छत घाला, प्रश्न मिटला. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण गेमच्या बाजारानं ही युक्ती आपल्याआधी उचलली आहे. 'गेन्शिन इम्पॅक्ट', २०२०. गेम फुकट. हवं ते पात्र सोडतीत काढायचं. एका सोडतीला १६० प्रिमोजेम (हे गेममधलं चलन), आणि ९० सोडतींत एक पंचतारांकित पात्र नक्की. म्हणजे १४,४०० जेम. तेही तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. नशीब फुटकं निघालं तर दुप्पट, २८,८००. रोज थोडंथोडं खेळून जेम फुकट साठतात, पण सावकाश. कमी पडले तर दुकान आहेच, खऱ्या पैशांचं. आणि हवं असलेलं पात्र साधारण तीन आठवडेच सोडतीत असतं. कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू.

शू आणि नीझीबाईंचे तीन आठवडे आठवले का? मुदत छोटी केली की माणूस हात सैल करतो. व्हाउचरच्या वेळी फायदा त्याचा झाला, कारण खाणं त्याच्याच पोटात गेलं. इथे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात. या गेममध्ये महिनोन्‌महिने जेम राखून बसलेली पोरं मला सगळ्यात शहाणी वाटतात. माझ्या वर्गातली एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर जेमचा जमाखर्च मांडते. अर्थशास्त्राच्या जर्नलपेक्षा तो नीटनेटका आहे.

म्हणून मुलांना सरसकट 'वापर की, साठवतोस कशाला' असं म्हणण्यात अर्थ नाही. वस्तू गेममध्येच सापडलेली आणि खर्च गेमच्या आतच राहणार असेल, तर माझा साधा नियम आहे: त्याच वस्तूची दुसरी हाती आली की पहिली उघडायची. एकच असेल तर बिनधास्त राखा. ती पडून असते असंही नाही. बाटली पिशवीत आहे या भरवशावरच माणूस पुढचं दार उघडतो. आणि जिथे कोपऱ्यात घड्याळ उलटं चालतंय आणि शेजारी दुकान आहे, तिथे आधी बघायचं की घाई कुणाला आहे.

बरं, आता प्रश्न. मागचे काका मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरू करू. फक्त प्रश्न विचारा, प्रतिव्याख्यान नको. आठला हॉल भजनी मंडळाकडे जायचा आहे आणि पेटीवाले बाहेर येऊन थांबलेत.