मामेकुळ विचारणारा डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

उद्या सकाळी तुमचं ऑपरेशन आहे. संध्याकाळी वॉर्डात एक डॉक्टर येतो, कॉटशेजारी स्टूल ओढून बसतो आणि विचारतो, "मामा किती तुम्हाला? त्यांच्यापैकी कुणाचं कधी रक्त थांबेना झालं होतं का?" तुमच्या मनात येतं, हा भूल द्यायला आलाय की सोयरीक जमवायला? तो भूलतज्ज्ञ मीच.

बहुतेक जण म्हणतात, "अहो, बीटी-सीटी केलंय, नॉर्मल आहे." टोचायचं, टिपकागदानं रक्त टिपायचं आणि किती मिनिटांनी थांबतं, किती मिनिटांनी गोठतं ते बघायचं, ती ही तपासणी. स्पष्टच सांगतो, ऑपरेशनमध्ये किती रक्त जाईल ते या मिनिटांवरून कळत नाही. पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त नळीत किती सेकंदांत गोठतं ते मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या, बऱ्याच चांगल्या, पण त्याही फसवतात. आणि दोन्ही बाजूंनी फसवतात.

रक्त गोठवणाऱ्या घटकांना आम्ही फॅक्टर म्हणतो. त्यांना १ ते १३ क्रमांक आहेत, त्यात सहावा नाही. तो वेगळा घटक नव्हेच असं मागाहून कळलं आणि जागा रिकामी राहिली. जखम झाली की आधी प्लेटलेट धावून येतात आणि भोक बुजवतात. मग हे फॅक्टर एकामागून एक जागे होतात आणि त्यावर फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं.

आता जॉन हेगमनची गोष्ट ऐका. हा अमेरिकेतला रेल्वे कामगार. १९५३ च्या सुमारास ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत गोठेचना. डॉक्टर चक्रावले, कारण गड्याला आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. क्लीव्हलँडच्या डॉक्टर ऑस्कर रॅटनॉफ यांनी छडा लावला. त्याच्या रक्तात एक घटक नव्हता, तोच आजचा बारावा फॅक्टर. तो नसला तर एपीटीटी भरमसाठ लांबतो, पण ऑपरेशनमध्ये रक्त जास्त जात नाही. हेगमन १९६८ मध्ये गेला, आणि कशानं? कमरेचं हाड मोडल्यावर झालेली गुठळी फुप्फुसात अडकून!

उलट बाजू तेराव्या फॅक्टरची. विणलेल्या जाळ्याला पक्की टीप मारणं हे त्याचं काम. तो नसेल तर पीटी नॉर्मल, एपीटीटी नॉर्मल. ऑपरेशनही नीट पार पडतं आणि दुसऱ्या दिवशी जखम वाहू लागते. याची खूण कुठल्याच कागदावर नसते, ती आजीला माहीत असते : "याची नाळ पडली तेव्हा बेंबीतून किती दिवस रक्त येत होतं!" हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून मामाची मुलगी केलेल्या घराण्यांत मी जरा जास्त खोदून विचारतो.

हिमोफिलियाचं तसं नाही. त्यात आठवा किंवा नववा फॅक्टर कमी असतो. दोष बहुधा आईकडून येतो आणि भोगावा लागतो मुलाला. म्हणून मामा! लग्नाच्या बायोडेटात मामेकुळ न चुकता लिहितात, केसपेपरवर मात्र ते कुणी लिहीत नाही. अर्थात मामा ठणठणीत असले म्हणून मी निर्धास्त होत नाही. साधारण तिघांतल्या एकाच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. सौम्य हिमोफिलिया तर पहिल्यांदा दात काढल्यावरच उघडा पडतो. "रात्रभर उशी रक्तानं भिजली होती, पण ते दाताचं होतं हो," हे वाक्य मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतं.

बायकांना मी वेगळं विचारतो. पाळीत अंगावरून किती जातं? बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का? फॉन विलेब्रांड नावाच्या, रक्त लवकर न थांबण्याच्या आनुवंशिक आजारात साध्या तपासण्या बऱ्याचदा नॉर्मल येतात, आणि बाई "आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं" म्हणून गप्प बसलेली असते. घोळणा वारंवार फुटतो, न लागता अंगावर काळंनिळं पडतं, हेही सांगा. गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरचा परिणाम आठवडाभर तरी टिकतो. पण रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

दोष आधी कळला तर ऑपरेशन होतं, अगदी मोठंसुद्धा. आठव्या फॅक्टरचं एक युनिट वजनाच्या दर किलोमागे दिलं की रक्तातली पातळी सुमारे २ टक्के वाढते. साठ किलोच्या माणसात हा फॅक्टर जवळजवळ नसेलच, तर शंभर टक्क्यांवर न्यायला ३,००० युनिट लागतात. पण बारा तासांत त्यातलं निम्मं संपतं, म्हणून पुन्हा द्यायचं, पुन्हा मोजायचं, आणि हे कित्येक दिवस चालतं. त्या दिवसांत प्रयोगशाळा उघडी हवी, रक्तपेढीत माणूस हवा. म्हणून असं ऑपरेशन मी शनिवारी कधीच घेऊ देत नाही. सोमवारी सकाळी, यादीत पहिलं.

नमस्कार.