अंतर ठरलेलं, वेळ मात्र रोज नवी

दोन विमानतळांतलं अंतर किती, असं विचारलं की आपण भिंतीवरच्या नकाशाकडे पाहतो. इथेच पहिली फसगत होते. पृथ्वीगोल घ्या आणि टोकियो ते लॉस एंजेलिस असा दोरा ताणून धरा. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तरी दोरा उत्तरेकडे सरकतो आणि अलास्काजवळच्या अ‍ॅल्युशियन बेटांच्या थोडा खालून जातो. अक्षांश धरून सरळ पूर्वेला गेलात तर साधारण ९,३०० किलोमीटर पडतात, दोऱ्याच्या वाटेने ८,८००. हेच खरं अंतर, आणि ते बदलत नाही.

वेळ बदलते. लोक ८,८०० ला ९०० ने भागतात आणि पावणेदहा तास म्हणतात. पण ताशी ९०० हा वेग विमानाचा भोवतालच्या हवेतला आहे आणि ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. म्हणून टोकियोहून अमेरिकेला जायला साधारण दहा तास लागतात आणि परतायला साडेअकरा-बारा.

आता मला फार आवडणारा हिशेब सांगतो. न्यूयॉर्क ते लंडन साधारण ५,५०० किलोमीटर. वारा नसेल तर जाऊन-येऊन १२ तास १३ मिनिटं हवेत. समजा, ताशी १५० चा वारा आहे. जाताना वेग १,०५०, म्हणजे ५ तास १४ मिनिटं. येताना ७५०, म्हणजे ७ तास २० मिनिटं. बेरीज १२ तास ३४ मिनिटं. वारा एकदा मदत करतो, एकदा अडवतो, मग फिटंफाट व्हायला हवी ना? होत नाही, कारण अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. ही २१ मिनिटं कागदावर स्वतः काढून बघाच.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो? फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या आसपास गेला होता. तरीही ते स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, झालं नाही, हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता.

तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरताना घिरट्या घालणं हेही धरलेलं असतं. ते थोडक्यात सोडतो, कारण राजकारण त्याहून मोठं आहे. हेलसिंकी ते टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर, रशियावरून साडेनऊ तासांचा प्रवास. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊ लागली. प्रवास तेरा तासांवर गेला. एवढ्या जादा इंधनाचा भार त्या कंपनीवर पडला, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण आशियाला जायची जवळची वाट हाच तिच्या धंद्याचा पाया होता.

सिंगापूर ते न्यूयॉर्क, साधारण १५,३०० किलोमीटर, हे आजच्या सर्वांत लांब थेट उड्डाणांपैकी एक. दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. पण सिंगापूरहून निघालेलं विमान बहुधा पॅसिफिकवरून, पाठीशी वारा घेत जातं. परतीला कधी अटलांटिक आणि युरोपवरून, तर कधी दुसऱ्याच बाजूने येतं. कुठून जायचं, हे त्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज हाती आल्यावर ठरतं आणि त्यानुसार इंधन भरलं जातं.