एमआरआयमध्ये डाग नाही, तरी हृदय कडक कसं?

रिपोर्टमध्ये लिहिलंय 'डाग दिसत नाही', तरीपण हृदय कडक झालंय, नीट सैल पडत नाहीये. असं होऊ शकतं का? हो, होतं, आणि का होतं ते समजून घेणं फार गरजेचं आहे.

बघा, हृदयाच्या स्नायूपेशींच्या मधे कोलॅजनचं, म्हणजे चिवट धाग्यांसारख्या प्रथिनाचं, जाळं असतंच, ते लागतंच. पण बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं किंवा महाधमनीची झडप अरुंद झाली की फायब्रोब्लास्ट पेशी जास्तीचं कोलॅजन बनवत सुटतात आणि ते जाळं सगळीकडे थोडं थोडं जाड होत जातं. हार्ट अटॅकनंतरचा डाग वेगळा, तिथे पेशी मेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी कोलॅजन भरलेलं असतं.

बायॉप्सीत एक-दोन मिलिमीटरचा तुकडा काढून पिक्रोसिरियस रेडने रंगवला की कोलॅजन लाल, स्नायू पिवळा दिसतो, मग लाल भाग किती टक्के ते कॉम्प्युटरवर मोजायचं. कोलॅजन थेट दिसतं, पण तेवढ्याच तुकड्यातलं.

एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियम हे फोटो उजळवणारं औषध देतात, ते जिवंत पेशीत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेतच राहतं, आणि डागात ती जागा जास्त असल्याने तिथे जास्त साठतं. साधारण 10-15 मिनिटांनी फोटो काढताना निरोगी स्नायू काळा दिसेल असं सेटिंग करतात, म्हणून डाग पांढरा उठून दिसतो. आता गोम इथेच आहे, सगळाच स्नायू सारखा बिघडलेला असेल तर काळा धरायचा कुठला?

म्हणून टी1 मॅपिंग. टी1 म्हणजे एमआरआयच्या धक्क्यानंतर त्या जागेचा चुंबकीय सिग्नल पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो तो आकडा, गॅडोलिनियममुळे तो कमी होतो. गॅडोलिनियमच्या आधी आणि नंतर स्नायूचा आणि हृदयाच्या कप्प्यातल्या रक्ताचा टी1 मिलिसेकंदात मोजतात, 1 भागिले टी1 काढतात आणि त्यात किती फरक पडला ते बघतात. समजा स्नायूतला फरक रक्तातल्या फरकाच्या निम्मा आला आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा वाटा) 40% आहे, म्हणजे लाल पेशी वगळून रक्ताचा उरला 60%, त्याचा निम्मा 30%. हाच ईसीव्ही, पेशींबाहेरच्या जागेचा वाटा. निरोगी हृदयात तो साधारण 25%च्या आसपास असतो.

पण हा आकडा म्हणजे कोलॅजन नव्हे हं, जागा फक्त मोठी झालीय एवढंच तो सांगतो. सूज आली तरी वाढतो, आणि अमायलॉइड नावाचं बिघडलेलं प्रथिन साठलं तर 40%च्याही वर जाऊ शकतो, त्यामुळे बाकीच्या तपासण्या सोबत ठेवूनच वाचायचा. आणि हिमॅटोक्रिट स्कॅनच्याच दिवशीचं घ्या, जुन्या रिपोर्टमधलं टाकलं तर अख्खं गणित हलतं.